‘जरा’ न म्हणणाऱ्या आत्या

सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला शिवम्मांचा फोन आला. लष्कर मोहल्ल्यात सुभद्राआत्यांच्या घराला लागूनच त्यांचं घर. कन्नडमध्ये त्या एवढंच म्हणाल्या, की आत्या दार उघडत नव्हत्या, मी मागच्या दारानं आत जाऊन आले, तुम्ही दोघंही या. ‘दोघंही’ म्हटल्यावर पुढचं काही विचारायचं उरलं नाही. यांनी स्कूटर काढली. आम्ही पोचलो तेव्हा आत्या समोरच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसलेल्याच होत्या, मान एका बाजूला कललेली, खांद्यावर शाल. माझ्या सासऱ्यांची ही धाकटी बहीण. वय ऐंशीच्या पुढं गेलेलं, पिकलं पान म्हणून चारचौघांनी आमचं सांत्वनही केलं. तरीही... दोन महिने होत आले, मी त्या ‘तरीही’पाशीच अडकून पडले आहे.

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन म्हैसूरला आले तेव्हा इथल्या बोलण्याची मला भारी गंमत वाटायची. सासरची मंडळी म्हैसूरच्या जुन्या फौजेतल्या शिपायांच्या वंशातली, पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की सुरुवातीला निम्मं माझ्या डोक्यावरून जायचं. आणि ज्याच्या त्याच्या तोंडी ‘स्वल्प’. स्वल्प म्हणजे जरा, थोडंसं. बसमध्ये स्वल्प सरका, दुकानात स्वल्प थांबा. शिंप्यानं स्वल्प उशीर होईल म्हटलं की ब्लाऊज पुढच्या महिन्यात मिळणार हे ओळखायचं. मराठी बोलताना त्याच्या जागी ‘जरा’ यायचं, एवढाच फरक. समोरच्याला आपला भार वाटू नये, अशी इथल्या माणसांची रीत. तिला अपवाद एकट्या सुभद्राआत्या. पहिल्याच भेटीत माझ्या हातचा चहा पिऊन त्या म्हणाल्या, साखर कमी आहे. जरा कमी आहे असं नाही, कमी आहे! मी सांगलीची असूनही मला ते लागलं. दार लाव, मीठ दे, उशीर झालाय, असं सगळं तोडून बोलणं. प्राथमिक शाळेत शिकवतात, सवय असेल, असं मी म्हणायची. सासूबाईंना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, तिच्यापुढं ‘जरा’ म्हणत जाऊ नकोस, तिला सोसत नाही. का, ते मात्र सांगितलं नाही. बाई फटकळ आहे असं मी ठरवून टाकलं आणि चार वर्षं त्यांना होता होईल तेवढं टाळलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसं होतं खरं.

मग गौरीचं ते दुखणं आलं. आमची मुलगी, तेव्हा चौदा महिन्यांची. आम्ही त्याच मोहल्ल्यात दोन गल्ल्या सोडून राहत होतो. हे कामासाठी बंगळूरला गेलेले, सासूबाई माहेरी. दोन दिवस गौरीला सर्दी-खोकला होता, नेहमीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं. सकाळपासून तिनं दूध घेतलं नव्हतं. दुपारी बाटली तोंडाला लावली, तर एक घोट घेतला आणि सोडून दिला. रात्रभर किरकिरत होती, ती आता रडायचीही थांबली होती. मला वाटलं, चला, शांत झाली. तरी दूध घेत नाही म्हणून दाखवून आणावं अशा बेतानं मी पिशवी भरत होते, तेवढ्यात शाळा सुटून आत्या आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही. गौरीचं झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि पुरं एक मिनिट तिच्या उघड्या छातीकडं बघत राहिल्या. मीही बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक श्वासाला पोरीच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. दोन दिवस मी नुसता तिचा चेहरा बघत होते.

“बासष्ट,” आत्या म्हणाल्या. “कुठं नेतेस?”

पाच मिनिटांवर एक नर्सिंग होम होतं. गौरी तिथंच जन्मली, तिथल्या बायका मला नावानं ओळखायच्या. मी ते नाव घेतलं.

“तिथं मक्कळ डॉक्टर आत्ता नाहीत. संध्याकाळी सहाला येतात. आटो बोलव, बेग.” मक्कळ डॉक्टर म्हणजे लहान मुलांचे, बेग म्हणजे लवकर. आत्यांना न्यायचं होतं ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, मुलांच्या इस्पितळात. मी हट्टाला पेटले. तेवढ्या वेळात वाटेत काही झालं तर? जवळ इस्पितळ असताना एवढं लांब कोण नेतं? आत्यांनी गौरीला उचलून खांद्याशी उभी धरली होती. म्हणाल्या, “पाच मिनिटांत पोचशील आणि तीन तास बसशील.”

रिक्षा त्या नर्सिंग होमच्या दारावरून गेली. वॉचमननं मला ओळखून हात केला. त्या क्षणी उडी टाकून पोरीला घेऊन आत पळावं असं वाटलं. आयुष्यात मी कुणाचा एवढा राग केला नसेल. पुढची वीस मिनिटं मी आत्यांकडं बघितलंसुद्धा नाही, त्यांच्या खांद्यावरच्या गौरीच्या पाठीवर हात ठेवून ती हलतेय ना एवढंच चाचपत राहिले.

इस्पितळाच्या दारात मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सुरुवात केली, “स्वल्प...” आत्यांनी माझा दंड धरून मला मागं ओढलं आणि स्वतः बोलल्या. चौदा महिने. श्वास मिनिटाला बासष्ट. बरगड्या आत जातायत. सकाळपासून दूध नाही. बस, एवढंच. टेबलावरच्या नर्सनं लिहितालिहिता पेन टाकलं आणि गौरीला उचलून आत नेलं. मी आत पोचले तोवर तिच्या नाकातोंडावर इवलासा मास्क होता, ऑक्सिजन सुरू झाला होता. न्यूमोनिया निघाला. सहा दिवस आम्ही तिथं होतो. आणखी दोन-तीन तास गेले असते तर काय, असं मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, आता कशाला विचारता?

तिसऱ्या दिवशी गौरीनं वाटीभर दूध संपवलं. बाहेरच्या बाकावर येऊन मी रडले. रिक्षात मनातल्या मनात काय काय बोलले तेही आत्यांना सांगून टाकलं. तेव्हा त्यांनी मंजूचं सांगितलं. त्यांना मुलगी होती हेच मला तोवर ठाऊक नव्हतं... अकरा महिन्यांची होती. आत्यांचे यजमान नंजनगूडच्या एका कारखान्यात, सकाळच्या गाडीनं गेलेले. दुपारी मंजूला धाप लागली, तेव्हा आत्यांनी तिला घराजवळच्या दवाखान्यात नेलं. का, तर जवळचा, माणसं ओळखीची. तो दवाखाना आता नाही आणि त्याचं नाव आत्यांनी कधी घेतलं नाही. टेबलाशी त्यांनी सांगितलं, बाळाला श्वासाचा स्वल्प त्रास आहे. बसा, म्हणाले. पुढं आठ-नऊजण होते.

“मी बसले,” आत्या म्हणाल्या. “मास्तरीण मी. पोरांना रांग शिकवणारी. मी रांग कशी मोडू?”

नंबर लागला तेव्हा डॉक्टर बघताच उठून उभे राहिले. ते मोठ्या माणसांचे डॉक्टर. म्हणाले, एवढ्या लहान जिवासाठी माझ्याकडं इथं काहीच नाही, लगेच मुलांच्या इस्पितळात न्या. आत्यांनी टांगा केला. टांगा निम्म्या वाटेवर होता तेव्हा... इथं त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “त्यांचं नाही चुकलं गं. मी स्वल्प म्हटलं, त्यांनी स्वल्प ऐकलं.”

त्यानंतर त्यांच्या तोंडी ना स्वल्प आलं, ना जरा. पुढं दुसरं मूल झालं नाही, यजमानही लवकर गेले. दर दोन-तीन महिन्यांनी एखाद्या शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून छत्री घेऊन त्या निघायच्या आणि एकेका इस्पितळाच्या दारात जाऊन चौकशी करायच्या. मुलांचे डॉक्टर कुठल्या वेळेला असतात? दुपारी कोण असतं? लहान मापाचा मास्क आहे का, दाखवा. काही ठिकाणी हाकलत. एका ठिकाणी कुणीतरी वैतागून विचारलं, की तुम्ही कोण, कुठल्या खात्याच्या? आत्यांनी सांगितलं, मी तायी आहे. आई आहे! मी नंतर कितीदा तरी त्यांच्याबरोबर गेले. उन्हातान्हात चालायचा मला कंटाळा यायचा आणि परतताना त्या मला खारे शेंगदाणे घेऊन द्यायच्या, शाळेतल्या पोराला द्यावेत तसे.

मोहल्ल्यातल्या बायका मूल घेऊन त्यांच्याकडं यायच्या. पुढं फोन आले, तशा लांबलांबून विचारायला लागल्या. आत्या डॉक्टर नव्हत्या आणि तसा आवही त्यांनी कधी आणला नाही, औषधाचं नाव तर काढायच्या नाहीत. विचारायच्या तेवढंच. दूध पितं का, श्वास किती, बरगड्या कशा, हाक मारल्यावर बघतं का. आणि मग कुठं जायचं ते. दर वेळी मोठ्या इस्पितळातच पाठवायच्या असंही नाही. नंजनगूडहून एका बाईचा फोन आला, बाळ निळसर पडत होतं आणि ती म्हैसूरच्या बसला उभी होती. आत्या तिला म्हणाल्या, बसमध्ये चढू नकोस, तिथल्या सरकारी इस्पितळात धाव, आधी ऑक्सिजन लावून घे, मग ते गाडी देऊन पाठवतील. ते बाळ वाचलं. सगळीच वाचली नाहीत. एक मूल त्यांच्या दारात आणलं तेव्हाच फार उशीर झालेला होता. त्या दिवशी आत्या त्या आईबरोबर शेवटपर्यंत बसून राहिल्या.

गौरीचा त्यांना लळा होता, पण लाड नाहीत. जरा पोट दुखतंय, असं पोरीनं म्हटलं की आत्या लगेच धरायच्या. जरा म्हणजे किती? कुठं? कधीपासून? गौरी वैतागून मला म्हणायची, आत्याआज्जीपुढं आजारी पडायचं म्हणजे परीक्षाच. आत्या ऐकून हसायच्या, पण प्रश्न सोडायच्या नाहीत.

गौरी या वर्षी बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुलगी झाली. बारसं रविवारी होतं. शुक्रवारी दहा-अकराच्या सुमाराला आत्यांचा फोन आला. मी हॉलमध्ये पाळण्याला फुलं कशी लावायची यावरून माळ्याशी हुज्जत घालत होते. फोन खांद्याशी धरूनच बोलले. आत्या म्हणाल्या, “सुनंदा, मी रविवारी येत नाही. जरा दमल्यासारखं होतंय. तुमचं होऊ दे निवांत.”

मी म्हटलं, आराम करा आत्या, सोमवारी पेढे घेऊन येते. फोन ठेवला आणि यांना म्हटलं, आज आत्या किती गोड बोलल्या.

किती गोड बोलल्या! तीस वर्षं मी त्या बाईबरोबर हिंडले, तिचे प्रश्न दुसऱ्यांना शिकवले, आणि त्यांतला एकही प्रश्न मला तिला विचारावासा वाटला नाही. श्वास कसा आहे? आडवं होता येतंय का? काही नाही. शिवम्मांनी तेराव्याला सांगितलं, की शुक्रवार-शनिवार आत्या आडव्या झाल्याच नाहीत, झोपलं की श्वास अडकायचा म्हणून खुर्चीत बसून राहिल्या. शिवम्मा आम्हाला कळवते म्हणाल्या, तर आत्यांनी त्यांना शपथ घातली, बारसं होऊ दे, मग बघू. हृदय थकलं होतं, छातीत पाणी झालं होतं, असं दाखला देणारे डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर... असं यांनी विचारलं. कुठल्या दारात कधी जायचं हे या गावात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ठाऊक असून त्या बसून राहिल्या, आमच्या घरातल्या पाळण्यासाठी. मला त्यांचा राग येतो. मग माझाच येतो, आणि तो जात नाही.

त्यांची ती वेताची खुर्ची आता आमच्या हॉलमध्ये आहे. गौरी तिच्यात बसून बाळाला पाजते. परवा पाजता पाजता तिनं विचारलं, “आई, आत्याआज्जी शेवटी फोनवर काय म्हणाली?” मी म्हटलं, रविवारी येत नाही म्हणाल्या. पुढचं वाक्य मी घरात अजून कुणालाही सांगितलेलं नाही. यांनाही नाही. इथं पहिल्यांदाच लिहिते आहे.

गौरी म्हैसूरमध्येच वाढली. मराठी बोलते तीही निम्मी कन्नड, आणि वाचते ती शाळेतल्या हिंदीच्या जोरावर, अक्षर अक्षर लावत. हे छापून आलं की मी पान तिच्या हातात देणार आहे. तोंडानं सांगायचं धाडस मला होत नाही. वाचताना ती जागोजागी अडेल, आई, याचा अर्थ काय, म्हणून विचारेल, आणि मी सांगत जाईन. आत्यांच्या त्या शुक्रवारच्या बोलण्यापाशी पोचली की मात्र ती मला काही विचारणार नाही. तिथला ‘जरा’ तिला कळतो.