रूपी दाईने फोडलेली सात झाकणं

तलासरीकडच्या एका पाड्यावर रूपी दाई राहते. हिचा हात असा, की घोलवडच्या रस्त्यावर चिकूच्या खोक्यांनी भरलेल्या टेम्पोत हिने एक बाळंतपण पार पाडलं. बाळ नंतर रडलं, आधी ड्रायव्हरच रडायला लागला, आणि ही आतून त्यालाच दम भरत होती! असो, ती गोष्ट वेगळी. आपली गोष्ट मधमाश्यांची.

रूपीच्या घरामागे सातेरी माश्यांची एकच पेटी. तीन वर्षांपूर्वी ऐनाच्या झाडाच्या ढोलीतून माश्या उतरवून तिने स्वतः भरलेली. ही गेली तर पुन्हा झाडावर चढायचं तिचं वय राहिलेलं नाही. म्हणून पेटीला ती पोटच्या पोरीसारखी जपते.

यंदा पोळ्याच्या खालच्या कडेला नर माश्यांची घरं भरली, वर मेणाची झाकणं बसली. वाडीतल्या पेट्या सांभाळणाऱ्या लाहूने तिला सांगून ठेवलं होतं, झाकण बसलं की साधारण दोन आठवड्यांत नर बाहेर पडतो. इथे तीन आठवडे झाले, तरी सात घरं जशीच्या तशी.

"अडलंय," रूपी म्हणाली.

आता दाईच ती, गप्प बसेल होय? साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, बाभळीचा काटा उकळत्या पाण्यातून काढला आणि "ये रं बाळा, ये" करत अलगद सातही झाकणं फोडली.

आत पोरं होती, पण वाळून गेलेली. आणि त्यांच्या पोटाखालून मोहरीच्या दाण्याहून बारीक, चपट्या, लाल गोचिडी सुळसुळत बाहेर आल्या आणि दिसेल त्या माशीच्या पाठीवर चढल्या. एक माशी तर अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. लगेच दोघी-तिघी धावल्या, तिच्या पाठीवरची गोचीड जबड्यात धरून ओढू लागल्या. रूपीच्या हातातला काटा गळून पडला. इतक्या बाळंतपणांत तिने असलं काही पाहिलं नव्हतं.

तिने लाहूला बोलावून घेतलं. त्याने पेटीत डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"मावशी, कोणी फोडलं हे?"

"मी. अडलेली होती ना."

"अगं, माश्यांनीच कोंडून ठेवलेली! गोचीड लागलेल्या नराला जाड झाकण फोडायची ताकद राहत नाही. बाकीच्या माश्या बाहेरून फोडत नाहीत. तो आत मरतो, गोचिडीही त्याच्याबरोबर आत मरतात. घर वाचतं."

रूपीने वाळलेलं एक पोर तळहातावर घेतलं. "आपलीच पोरं... अशी गाडतात?"

"गाडतात."

"आणि मी वर काढली."

"सात घरांचं त्या निस्तरतील, बघ कशा चावून फेकतायत. आणखी सुटल्या तर मात्र पेटीची खात्री नाय." लाहूने पोळं उलटं केलं. मागच्या बाजूला आणखी चार झाकणं होती, बंद.

रूपी त्या झाकणांवर वाकली. म्हणाली, "यातलं एखादं अजून जितं असलं तर?"

लाहूने मान खाली घातली. "असेलही."

रूपीचा हात आपोआप पुढे गेला. दुसऱ्या हाताने तिने तो मनगटाशी धरला.

"झाक," ती म्हणाली. "झाक लवकर, लाहू. माझा हात जाईल."