मालूकाकूंची आडवी रांगोळी

मालूकाकू गेल्याची बातमी मला गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळली. मी काशीच्या लंका भागातल्या बँकेत एका सहीसाठी खोळंबले होते. फोन वाजला, बघते तर आमच्या गलीसुधार समितीच्या अध्यक्षांचा मेसेज. वर काकूंचा फोटो, बाजूला पणतीचं चित्र, आणि खाली मजकूर काय, तर ‘श्रीमती मालती जी ने हमारी गली को नई गति दी.’ गति! जी बाई वर्षानुवर्षं गल्लीची गती कमी व्हावी म्हणून रोज सकाळी गुडघे दुमडून रस्त्यात बसली, तिला या गृहस्थांनी गती बहाल केली. आणि त्याखाली हात जोडलेल्यांची ही रांग. एकालाही काही खटकलं नाही. मला रडू यायच्या आधी संताप आला, आणि खरं सांगते, एवढे आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही…

दूधविनायकाजवळची आमची गल्ली म्हणजे दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दाराच्या पायरीवर चढायचं, एवढीच रुंद. माणसांनी चालावं, गाईंनी बसावं, एवढ्यासाठीच ती झालेली. त्यातून हल्ली मोटारसायकली धावतात. हॉर्नवर अंगठा दाबून असे सुटतात मेले, की वाटावं गंगा आता आटायलाच आली आहे आणि यांना शेवटचा तांब्या भरून घ्यायचाय. आणि पोहोचून करतात काय? कोपऱ्यावर गाडी आडवी लावून तासभर पान चघळतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी भिंतीला पाली चिकटतात तसं चिकटून उभं राहायचं, ते या शूरवीरांना पानाच्या टपरीवर वेळेत पोहोचता यावं म्हणून!

काकूंच्या दारासमोरच गल्ली वळते. वळणापलीकडून काय येतंय ते धडधाकट माणसालाही दिसत नाही, आणि काकूंच्या यजमानांना, आमच्या नानांना, तर काचबिंदूने बाजूचं काहीच दिसत नव्हतं. समोरचा माणूस ओळखायचे, पण डावीउजवीकडे नुसता अंधार. नाना संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, कडक सोवळ्याओवळ्याचे. रोज सकाळी अहिल्याबाई घाटावर स्नानाला जायचे, ते एकटेच. कुणी हात धरायला गेलं की झिडकारायचे. “मी काय कुक्कुलं बाळ आहे?” मी एकदा काकूंना म्हटलं, अहो, त्यांना घरीच बादलीभर गंगाजल द्या. तर म्हणाल्या, “सुलभा, त्यांना घरात बसवलं ना, तर ते अंथरूणच धरतील बघ. जाऊ दे त्यांना त्यांच्या पायांनी. रस्त्याचं काय करायचं ते मी बघते.”

आता समितीचा पराक्रम ऐका. काकू अर्ज-विनंत्या करून थकल्या, तेव्हा कुठे बैठक भरली. चहा झाला, जिलबी झाली. ‘गाड्या हळू चालवा’ अशी पाटी लावायची ठरली. पण कुठल्या भाषेत? जुनी मराठी घरं म्हणाली मराठीत, बाकीचे म्हणाले हिंदीत, आणि एवढे सगळे विद्वान एकत्र जमल्यावर जे व्हायचं तेच झालं. पाटी संस्कृतात लागली! मजकूर नानांचा. भगव्या रंगात सुबक अक्षरं, कडेला वेलबुट्टी, वर झेंडूची माळ, नारळ फोडून उद्घाटन. दुसऱ्या दिवसापासून गाडीवाले काय करायला लागले असतील? त्यांना वाटलं इथे कसलं तरी देवस्थान झालंय. वळणावर आले की हँडलवरचा एक हात सोडून कपाळाला लावायचे, आणि वेग तोच. म्हणजे आधी दोन्ही हातांनी अंगावर यायचे, ते आता एका हाताने यायला लागले. आठवडाभरात कुणीतरी पाटीला कुंकूही लावून गेलं. अध्यक्ष म्हणाले, लोकांमध्ये जागृती येत आहे. डोंबलाची जागृती!

त्या पाटीकडे बघत काकू दारात बराच वेळ उभ्या होत्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, “कसल्या का कारणाने होईना, यांना काहीतरी पाळावंसं वाटतं. ते वर लावून उपयोग नाही, चाकासमोर मांडायला हवं.” दुसऱ्या दिवशी नाना घाटावर निघायच्या आधीच काकू रांगोळीचा डबा घेऊन खाली उतरल्या. आपण दारापुढे हातभर रांगोळी काढतो, त्यांनी ती वळणावर आडवी काढली, या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत. ठिपके, वेल, मधोमध गोपद्म, वर हळदकुंकवाची चिमूट. कडेला नालीलगत पाऊलभर वाट सोडलेली. पहिला बुलेटवाला धडधडत आला आणि करकचून थांबला. रांगोळीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. “चाची, ये क्या है?” काकू म्हणाल्या, “पूजा की है बेटा. आराम से निकल जाओ, किनारे से.” आणि तो गडी पाय टेकत टेकत, गाडी जवळजवळ ढकलत कडेने गेला! जो माणसाच्या अंगावर चाक घालायला कचरत नाही, तो पांढऱ्या पुडीवर घालायला कचरला. हसावं की थोबाडीत द्यावी, तुम्हीच सांगा.

नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काकूंनी त्यांना ‘जरा शोभा म्हणून काढते’ एवढंच सांगितलं होतं. ते आपले रांगोळी ओलांडून स्तोत्र पुटपुटत निघायचे. आणि परत आल्यावर आम्हालाच ऐकवायचे, “तुम्ही उगीच घाबरता. माणूस आपल्या शिस्तीत चालला की कुणी अंगावर येत नाही.” काकू माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या.

मागच्या वर्षी काकूंना दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा समितीला उमाळा आला. ‘माताजी के सम्मान में’ त्यांनी वळणावर ऑइलपेंटची पक्की रांगोळी करून घेतली. लाल, हिरवी, पिवळी, नुसता भडकपणा. शेजारी अध्यक्षांचं नाव. म्हणजे काकूंना रोज बसायला नको! दोन दिवस लोक कडेने गेले, मग सर्रास वरून. काकू घरी आल्या, त्या रंगावरून गेलेले चाकांचे काळे पट्टे बघितले आणि म्हणाल्या, “रंग सुकला की तो रस्ताच झाला गं. ताजी पूड दिसली की कळतं, आत्ता इथे कुणी बाई बसली होती. तिला लाजतात ते.” दुसऱ्या दिवशी त्याच रंगावर त्यांनी पुन्हा पांढरी रांगोळी घातली. अध्यक्षांना राग आला म्हणे. आपलं नाव झाकलं गेलं ना!

आणि त्या गेल्या तेव्हा… मणिकर्णिकेकडे त्यांना नेत होते, वळणावर खांदा बदलायला माणसं क्षणभर थांबली, तर मागून हॉर्न. एकदा, दोनदा, मग लांबलचक. तिरडीमागे हॉर्न वाजवणाऱ्या त्या पोराकडे मी वळून पाहिलं, तो मोबाइलवर बोलत होता. अध्यक्ष तिथेच होते. एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना फोटोत नीट यायचं होतं.

त्यानंतर सुतक. सुतकात दारात रांगोळी काढत नाहीत, हे कुणाला सांगायला नको. शेजारच्या बायकांपैकीही कुणी हात लावायला तयार होईना. वळण उघडं पडलं. बंगळुरूहून आलेला मुलगा दमून झोपलेला असताना नाना सवयीने एकटेच घाटावर निघाले, आणि वळणावर एक स्कूटी त्यांना घासून गेली. हातातला तांब्या नालीत, कोपर सोललेलं. चालवणारा पुढे जाता जाता ओरडला, “बाबा, देख के चलो!” देख के! काचबिंदू झालेल्या माणसाला! मी धावत जाऊन त्यांना घरी आणलं. कोपर पुसत होते, तर नाना हळूच म्हणाले, “आज सगळ्यांना एवढी घाई का होती गं?”

मला राहवलं नाही. म्हटलं, “नाना, घाई त्यांना रोजच असते.” आणि सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर वळणावर नाना मांडी घालून बसलेले. ज्या माणसाने जन्मभर विटाळ-सुतकाचे नियम आम्हाला पढवले, तो सुतकात, उघड्या गल्लीत, चाचपडत रांगोळी घालत होता. रेघ धड सरळ नव्हती. पूड कुठे ढिगाने, कुठे नुसती भुरभुर. अध्यक्ष फिरायला निघाले होते, ते किंचाळलेच, “पंडितजी! सूतक में रंगोली?” नानांनी मान वर केली नाही. म्हणाले, “दोष लगेगा तो मुझे लगेगा. आप किनारे से जाइए.” आणि समितीचे अध्यक्ष, धोतर सावरत, नालीच्या कडेने गेले.

तेवढ्यात वळणापलीकडून बुलेटची धडधड ऐकू आली. मी नानांना उठवायला पुढे झाले, पण गाडी आली, मंदावली, थांबली. पोराने पाय टेकले आणि कडेने निघून गेला. नानांना तो दिसला नव्हता.

“थांबला का गं?”

“थांबला, नाना.”

“रोज असेच थांबायचे?”

“रोज.”

त्यांनी चिमटीतली पूड खाली सोडली नाही. “माझ्यासाठी?”

मी ‘हो’ म्हटलं. एवढा करारी माणूस, पण तिथेच रस्त्यात बसून, पांढऱ्या हातांनी तोंड झाकून रडला. मागे दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. कुणीही हॉर्न वाजवला नाही.