फौजदारासाठी स्थळ बघायला सिद्धगडाच्या पायथ्याशी

लोक सिद्धगडाकडे जातात ते गड चढायला. मी आणि आई दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तिकडे गेलो ते आमच्या नर हंसाला बायको बघायला. हसा खुशाल. पण त्या बाजूला कधी जायचा विचार असेल तर शेवटपर्यंत वाचा, जीपच्या वेळा मध्येच कुठेतरी सांगितल्या आहेत.

शहापूरच्या बाहेर आमची वीस गुंठे जागा आहे. थोडं भात, दोन शेळ्या, पंधरावीस गावठी कोंबड्या आणि हंसांची एक जोडी. नराचं नाव फौजदार. मुंगूस असो की वीजबिल घेऊन येणारा माणूस, चौकशी केल्याशिवाय तो कोणालाही आत सोडत नसे, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. रानमांजरानं त्याची मादी नेली आणि फौजदारानं खाणंच टाकलं. आई तळहातावर भात घेऊन त्याच्यासमोर तासन् तास बसायची आणि हा मान फिरवायचा. आठव्या दिवशी मी त्याला उचललं तर छातीचं हाड हाताला लागलं. आई म्हणाली, "जोडी भेटली तर जगंल. नायतर नाय." मी ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत आईला हिरूबाई नावाच्या एक बाई भेटल्या होत्या. सिद्धगडाखालच्या पाड्यावर राहणाऱ्या, ओढ्यावर हंस पाळणाऱ्या. एवढ्याच पत्त्यावर आम्ही निघालो. फौजदार गोणीत, मान तेवढी बाहेर. किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जाणारी सकाळची एसटी पकडली. कंडक्टर आमच्यापाशी येऊन थबकला.

"ह्याचं तिकीट?"

"मांडीवर बसलाय," आई म्हणाली.

"चावतो का?"

"आठ दिवस झाले, कशालाच चोच लावली नाय त्यानं. तुला चावला तर मी पेढे वाटीन."

कंडक्टरनं दोनच तिकिटं फाडली आणि हात जरा मागेच ठेवून दिली.

मुरबाड स्टँडवर वडापाव आणि चहा, दोघींचे मिळून वीस रुपये. पुढे म्हशापर्यंत जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाईत जाऊ नका. म्हशाहून आत जायला दुसरी जीप, आणि परतीची शेवटची चार वाजता. ती चुकली की मुक्कामच. खाचरांतून वाल उभा होता, बांधावर पळस पेटला होता आणि समोर सिद्धगड एकदम अंगावर आला. मला इतका आनंद झाला की मी गोणीतल्या फौजदारालाही डोंगर दाखवला. शेवटचा अर्धा तास चालायचं आहे, पाणी जवळ ठेवा.

हिरूबाई आईच्याच वयाच्या. काटक, बोलायला रोखठोक. त्यांच्याकडे पाच माद्या होत्या. चार ओढ्यावर, पाचवी गोठ्यामागं पेंढ्यात अंड्यांवर बसलेली.

"आमचा नर बिबट्यानं नेला," त्या म्हणाल्या. "माद्याच उरल्यात. पन मी हातानं उचलून देयाची नाय. हंसाची बायको मानसानं नाय निवडायची. सोडा त्याला, त्याचा तो बघंल."

सोडला. चारही माद्यांनी ओढा डोक्यावर घेतला. आई आणि मी बांधावर चहाचे कप घेऊन, अगदी मुलाकडच्या म्हणून ऐटीत बसलो. नवरदेवानं मात्र एकीकडेही पाहिलं नाही. तो पाण्याच्या कडेला खांबासारखा उभा राहिला. संध्याकाळी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि बोंबलाची चटणी असं सुरेख जेवण पुढ्यात आलं. मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, आईनं अर्धीच.

सकाळी उठलो तर फौजदार ओढ्यावर नव्हता. पळत गोठ्यामागं गेले तर हा अंड्यांवरच्या मादीशेजारी उभा, मान ताठ. तिच्यासाठी हिरूबाईंनी टाकलेलं भात तो भराभर टिपत होता. मी ओरडणार तोच आईनं माझं तोंड दाबलं. "गप. जेवू दे त्याला."

पण हिरूबाई मागून म्हणाल्या, "अंड्यावरली मादी उठवायची नसते. महिनाभर तरी ती हितंच."

मग आम्ही ओढ्यावरची एक पांढरीशुभ्र मादी पकडली आणि दोघांना अंगणातल्या खुराड्यात एकत्र कोंडलं. दार उघडल्याबरोबर फौजदार तडक गोठ्यामागं. आई त्याला उचलायला गेली तेव्हा त्यानं मान लांब करून आईवरच फूत्कार टाकला. आईवर तो असा कधी आला नव्हता. ती जागीच थांबली.

माझं डोकं फिरलं. मी तोंडावर बोलले, "नर तर तुम्हालाच हवा होता ना, मावशी?"

"हवा व्हता," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुला पटत नसंल तर घेऊन जा त्याला. मी आडवी येयाची नाय." आणि गोणी माझ्या हातात दिली.

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्या हातून गोणी घेतली, नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"ऱ्हाऊ दे त्याला," ती म्हणाली.

"हितून पुढं पिल्लं होतील त्यातली निम्मी तुमची," हिरूबाईंनी सांगितलं. जनावर दुसऱ्याकडे पाळायला ठेवलं की निम्मा वाटा, ही आमच्याकडे जुनीच रीत. मला स्वतःची लाज वाटली, आणि जाताना मी त्यांच्या पाया पडले.

घरी पोचलो तर शेजारच्या काकू फाटकातच उभ्या. "नवरी कुठाय?"

"पोरगाच घरजावई गेला," आई म्हणाली. काकू हसून हसून वाकल्या.

प्रवास फर्मास झाला, कोणालाही सांगेन की जा. पण त्या संध्याकाळी मी फाटक उघडून आत आले आणि कोणी चौकशी केली नाही, तेव्हा मला रडू आलं. आई कोंबड्या डालग्याखाली झाकत होती. मी विचारलं, वाईट वाटतंय का.

"आठ दिवस हात पुढं धरून बसले," ती म्हणाली. "माझ्या हातचं एक शीत घेतलं नाय त्यानं." मग डालग्यावर दगड ठेवत म्हणाली, "पन जेवला ना गो."

आणि शेळ्यांना पाला टाकायला गेली.