दाजींचा कान

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दाजींच्या गॅरेजात एक नियम आहे. दाजी इंजिनाला कान लावून उभे असले की बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने न राहवून मध्येच विचारलं, “काय वाटतं?” दाजींनी बॉनेट आपटलं आणि गाडी होती तशी परत न्यायला लावली. तो माणूस दुसऱ्या दिवशी हात जोडत आला.

चाळीस वर्षं हा माणूस कानावर जगला. हातोड्याचा एक जुना लाकडी दांडा, त्याचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाशी, की झालं. गाडीचं दुखणं सांगणारं आधुनिक यंत्र त्यांनीही घेतलं होतं, पण ते कपाटात डब्यात पडून आहे. लोक त्यांना ‘कान’ म्हणूनच ओळखतात. मी पोस्टातून निवृत्त झाल्यापासून बहुतेक संध्याकाळी तिथे स्टुलावर बसलेला असतो, आणि थट्टा करण्याचा मेव्हण्याचा हक्क बजावतो. “दाजी, तुमचा पुतळा उभारायचा झाला तर नुसता कान केला तरी भागेल.” पूर्वी ते खळखळून हसायचे. वर्षभरापासून अशा थट्टेवर ते हसेनासे झाले होते. मला वाटलं, वय झालं, माणूस किरकिरा होतोच. मी मूर्ख होतो, दुसरं काय.

त्यांना एकच मुलगी. माझी भाची. बापाचं गाड्यांचं वेड तिने पुरेपूर उचललेलं. तिने तीस वर्षांची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची. डोंगरापलीकडच्या शहरात तिला नवी नोकरी लागली होती आणि सोमवारी सकाळी ती याच गाडीने एकटी घाट चढून जाणार होती. बावीस किलोमीटरचा चढ. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मागे मालाचे ट्रक, आणि गाडी बाजूला घ्यायला धड जागा नाही.

गाडीत एकच कुरकुर होती. धूर साफ करण्यासाठी इंजिनाला एक हवेचा पंप जोडलेला असतो, त्या पंपाचं बेअरिंग घरघरायला लागलं होतं. नवा पंप कुठे मिळेना. भाची म्हणाली, “बाबा, हे सगळं लटांबर काढूनच टाका ना.” मी स्टुलावरून म्हणालो, “बनवणाऱ्याने ते उगीच लावलंय का?” दाजी म्हणाले, “मेव्हणे, तुम्ही शिक्के मारा.” त्यांनी पंप काढला, त्याच्या नळ्या काढल्या, झडप काढली, भोकांवर पत्र्याच्या टिकल्या बसवल्या. तो पंप आणि इंजिनात पाणी खेळवणारा वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरायचे; एक गेल्यामुळे आधीचा पट्टा लांब पडू लागला, म्हणून आखूड पट्टा घातला. बॉनेटखाली कसं मोकळं-मोकळं दिसायला लागलं. बापलेक दोघं त्या मोकळ्या जागेकडे बाळाकडे बघावं तसं बघत उभे होते.

आणि त्या दिवसापासून गाडी तापायला लागली.

जागेवर उभी असताना काही नाही. तासभर चालू ठेवा, काटा मधोमध. पण चढावर नेली, जरा दामटली, की काटा सरसर वर. दाजींनी थर्मोस्टॅट बदलला. रेडिएटर काढून धुतला. त्याचं झाकण बदललं, पंखा तपासला, पाण्यात अडकलेली हवा काढली, हेड गॅस्केट फुटलं नाही ना ते पाहिलं. सगळं ठीक. आणि प्रत्येक कामानंतर दांडा कानाला लावून निकाल एकच: “इंजिन स्वच्छ आहे. काटा खोटं बोलतोय.” गाडी चालवून बघायला ते स्वतः कधीच जात नाहीत. जे जागेवर ऐकू येत नाही ते रस्त्यावर काय ऐकू येणार, असं त्यांचं म्हणणं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी भाचीला आत बसवलं. “रेस कर. अजून. अजून.” इंजिन गरजलं, आणि त्या गरजण्याच्या वर एक बारीक किंचाळी उठली. माझे दात शिवशिवले. भाचीने काचेतून माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि मग आम्ही दोघांनी दाजींकडे. दाजी डोळे मिटून, दांडा लावून, शांत उभे होते. चेहऱ्यावर समाधान होतं. “स्वच्छ,” ते म्हणाले.

मी गप्प बसलो. नियमच होता. शिवाय मला वाटलं, आपल्यासारख्या शिक्केमाऱ्याला जे ऐकू आलं ते यांना दहा वेळा आधी ऐकू आलं असणार. ते काही म्हणत नाहीत, म्हणजे त्यात काही नसणार. भाचीनेही नंतर मला हेच सांगितलं. “मामा, मला वाटलं, बाबांनी ऐकलंच असेल.”

रविवारी ती घाटात जाऊन आली. सहा किलोमीटरच चढली होती. परत आली तेव्हा बॉनेटच्या फटींतून वाफ निघत होती. “वळणावर काचेवर वाफ आली, पुढचं काही दिसेना,” ती म्हणाली. मागे ट्रक असता तर? आणि तिचा बाप शांतपणे काट्याची वायर बदलत होता. मला त्यांचा इतका राग आला की मी चहाही न घेता घरी गेलो. पण बोललो मात्र काही नाही.

सोमवारी सहाला मी पुन्हा हजर. भाचीची बॅग गाडीत ठेवलेली. दाजी म्हणाले, “एकदा शेवटचं ऐकतो, मग निघ.” भाचीने रेस केली. पुन्हा तीच किंचाळी, या वेळी लांब. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि, सांगायला लाज वाटते, पुन्हा मिटलं.

तेवढ्यात वरून आक्का आली. दाजींची बायको, माझी बहीण. घर गॅरेजच्या वरच आहे. हातात चहाचा ट्रे, कपाळावर आठ्या. गॅरेजात ती कधी पाऊल टाकत नाही, त्यामुळे नियम तिला लागू नव्हता.

“अहो, आठवडा झाला, तो आवाज आधी बंद करा हो. कुणाचा गळा आवळल्यासारखा ओरडतोय. डोकं उठलंय माझं.”

दाजींनी दांडा खाली घेतला. “कोणता आवाज?”

“हा काय हा!”

“आत्ता वाजतोय?”

आक्का ट्रे तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. दाजींनी मुलीला खूण केली, “रेस कर.” आणि या वेळी त्यांनी दांडा लावला नाही. ते आमची तोंडं बघत राहिले. आक्काचे डोळे मिटले गेले, माझी मान आखडली, ते त्यांनी पाहिलं. गाडी बंद करायला लावली. मग त्यांनी वॉटर पंपाच्या पुलीवर, पट्टा ज्या चाकावरून फिरतो त्यावर, हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. बोटं भाजली होती. बोटांना काळी पूड लागली होती, रबराची. ही पूड त्यांनी आठवड्यात तीनदा काजळी म्हणून पुसली होती.

“पट्टा घसरतोय,” ते म्हणाले. आवाज अगदी सपाट. “हवेचा पंप होता तेव्हा पट्टा वळसा घेऊन यायचा, पुलीला घट्ट धरायचा. मी पंप काढला, वळसा गेला. आता पट्टा पुलीला चार बोटं टेकतोय. हळू असताना चालतं. जोरात फिरली की पट्टा नुसता घासतो, पुली फिरत नाही, पाणी खेळत नाही.” मग ते मुलीकडे बघून म्हणाले, “घाटात उकळली असतीस तू.”

भाची म्हणाली, “बाबा, जाऊ दे. कळलं ना आता. तोच पंप परत बसवू, नुसता वळशापुरता. मी उद्या जाईन.”

मला सुटल्यासारखं वाटलं. पण दाजी तिच्याकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते, जिथे गिऱ्हाइकांच्या चाव्या लटकवायचे खिळे आहेत. बहुतेक खिळे रिकामे होते. गाड्या कामं होऊन गेल्या होत्या.

घणघण, ठकठक, जाड आवाज त्यांना अजून आमच्यापेक्षा चांगले ऐकू येतात. मागच्याच महिन्यात एका ट्रकचं बेअरिंग त्यांनी रस्त्यावरून ओळखलं होतं. गेले होते ते फक्त बारीक आवाज, आणि ते गेल्याचं कळायला काही मार्गच नव्हता. जे ऐकूच येत नाही ते गेलं हे माणसाला कळणार कसं? आक्काने हल्ली स्वयंपाकघरातल्या किटलीची शिट्टी वाजली की स्वतःच धावायला सुरुवात केली होती. मी बोलताना आवाज चढवत होतो. आम्ही सगळ्यांनी त्यांना सांभाळून घेतलं होतं, आणि सांगितलं मात्र कुणीच नव्हतं.

“शाळेची गाडी,” दाजी म्हणाले.

“काय?”

“गुरुवारी. ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक लावला की बारीक शिट्टी वाजते. पॅड झिजत आले की एक पत्र्याची पट्टी चाकाच्या चकतीला घासते, शिट्टी वाजवायलाच ठेवलेली असते ती. मी चाक फिरवलं, कान लावला. म्हटलं, काही वाजत नाही, धूळ असेल. चाक उघडलंच नाही.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं.

ड्रायव्हरचा फोन वाजत राहिला, त्याने उचलला नाही. आम्ही माझ्या गाडीत बसलो. भाची चालवायला, दाजी शेजारी, मी मागे. शाळा टेकडीच्या पायथ्याशी आहे, आणि ती गाडी मुलं गोळा करत टेकडीवरून उतरते. आम्हीही एक उतार उतरलो. भाचीने ब्रेक दाबला तेव्हा मला आठवलं की मागच्या महिन्यात माझ्या गाडीचं कामही दाजींनीच केलं होतं. तिथून पुढे मी प्रत्येक वळणावर कान देऊन बसलो होतो.

शाळेच्या फाटकाशी आम्ही पोचलो. गाडी दिसायच्या आधी ती ऐकू आली. वरच्या वळणामागून एक लांबलचक, बारीक शिट्टी, आणि मग तिच्यात मिसळलेली लोखंडावर लोखंडाची घासाघीस. मग गाडी दिसली, उतारावरून येत असलेली, खिडक्यांत मुलांची डोकी. ती फाटकापाशी थांबली नाही. फाटक ओलांडून, ड्रायव्हर पायाने पुन्हा पुन्हा ब्रेक मारत असताना, चांगली वीस पावलं पुढे जाऊन कठड्याला लागून थांबली. मुलं कानांवर हात ठेवून हसत उतरली. त्यांना मजा वाटत होती.

दाजींनी गाडीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते आमची तोंडं बघत होते.

“वाजतंय?”

भाचीने मानेनेच हो म्हटलं. तिला रडू फुटलं होतं.

ते ड्रायव्हरपाशी गेले आणि त्याच्या हातातून चावी काढून घेतली. मग माझ्यापुढे हात केला. “मेव्हणे, तुमचीही द्या.” मी दिली. आम्ही तिघं पायीच परत निघालो. कामाला जायची वेळ होती, रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती, आणि त्यांतल्या कित्येकांनी दाजींना ओळखून हात केला. दाजी हात करत नव्हते. त्यांनी मुलीचं मनगट धरलं होतं, आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी दाखवत ते एवढंच म्हणत होते, “ही ऐक.”