साडूच्या गाडीचा पाइप

माझ्या साडूनं ट्रक घेतला, तेव्हापासून मला सासुरवाडीला जाणं नकोसं झालं. गाडी जुनीच होती. त्यानं ती भावासोबत मिळून घेतली, हिरवी रंगवली आणि मागच्या फळीवर मुलीचं नाव लिहून घेतलं. मी तेव्हा मालेगावच्या एका व्यापाऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. कापूस, ज्वारी, शेंगा, सगळं वाहिलं. अकोला ते हिंगोली रस्त्यावरचा खड्डान्‌खड्डा मला पाठ, पण गाडी दुसऱ्याची. साडू माझ्या कितीतरी मागून स्टेअरिंगवर बसला. गिअर टाकताना खर्रकन आवाज करायचा, तो ऐकून माझे दात आंबायचे. आणि सासरे चारचौघांत सांगायचे, "आमच्या मोठ्या जावयाची सोताची गाडी हाये." धाकटा जावई काय करतो, हे कोणी विचारलं तर म्हणायचे, "तो बी गाडीवरच हाये."

दुष्काळ सरल्यानंतरच्या उन्हाळ्यात मेव्हण्याचं लग्न ठरलं. वऱ्हाड सासुरवाडीहून, इंझोरीहून, जऊळक्याला न्यायचं, ते अर्थातच साडूच्या ट्रकमधून. कॅबिनमध्ये साडू, सासरे, नवरदेव आणि साडूची बायको. मागे ताडपत्रीवर बाया, पोरं, पितळी भांडी, आणि त्यांच्यात मी, दोर धरून उभा. सगळ्या वऱ्हाडात मुरलेला ड्रायव्हर मी एकटाच.

पायाशी बसलेली माझी बायको म्हणाली, "ताई पाहा कशी समोर बसली."

ती सहजच बोलली असेल.

मंगरूळपीर मागे पडलं आणि शेलूबाजाराच्या अलीकडच्या चढावर मला वास आला, गंजलेलं पाणी तापल्यावर येतो तसा. मी कॅबिनच्या टपावर हात आपटला. साडूनं गाडी कडेच्या कडुनिंबाखाली घेतली. बॉनेट उघडलं तर वाफेचा लोट. सगळे खाली उतरले.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात गारवा पसरला. उभ्या वऱ्हाडासमोर ती हिरवी गाडी वाफा सोडत उभी होती.

"रेडिएटर गळते, साडभाऊ," साडू म्हणाला. "परवाच झाळून आणलं. तरी पाणी कमी होऊनच राह्यलं."

"खाली ठिपकते काय?"

"नाई ना. उभ्या गाडीले एक थेंब नाई. चालली का पाणी गायब."

मी वाकून पाहिलं. रेडिएटरचं झाळकाम पक्कं होतं, जाळी कोरडी होती. पण पंख्यामागे इंजिनवर तांबूस ओघळ वाळलेले दिसले, एकावर एक, जुनेही आणि ताजेही. रेडिएटरमधून गळालं असतं तर हे ओघळ इतक्या वर कसे आले असते?

"तुमी मंग कॅबिनमदे बसा," मी म्हटलं. "पण आत्ता चालू नका करू. आधी थंडी होऊ द्या."

सासऱ्यांनी साडूला सावलीत बोलावलं आणि ते त्याला दुपट्ट्यानं वारा घालू लागले. "बावा, तू उन्हात नको उभा राहू. तुले अजून गाडी चालवाची हाये." मी बॉनेटमध्ये डोकं घालून उन्हातच होतो. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

बायांनी जवळच्या विहिरीवरून कळशा भरून आणल्या. गाडी निवल्यावर मी ओलं फडकं धरून झाकण हळूहळू सैल केलं, पाणी भरलं, झाकण लावलं आणि साडूला इंजिन चालू करायला लावलं.

"रेस द्या. अजून द्या. आता धरून ठेवा."

थोडा वेळ काहीच नाही. मग इंजिन तापलं, आणि रेडिएटरच्या वरच्या अंगाला जो रबरी पाइप असतो, त्याच्या टोकाजवळ पोटाकडून केसाएवढी बारीक चिळकांडी उडताना दिसली. पंख्याची हवा ती थेट इंजिनवर फेकत होती. पाणी पडलं की तिथेच वाळत होतं. म्हणून जमिनीवर थेंब नाही.

साडूला बोलावून दाखवलं. त्यानं बोट पुढे केलं आणि चटका बसून मागे घेतलं.

"अरे बापा! अन् मी रेडिएटर झाळून राह्यलो!"

इंजिन बंद करून पुन्हा निवू दिलं आणि पाइप काढला. क्लिप कोणीतरी इतकी आवळली होती की तिची धार रबरात घुसली होती, आणि पाइप तिथेच, टोकाजवळ, चिरला होता. मी चाकूनं तेवढं टोक कापून टाकलं. उरलेला पाइप ओढून पुरला, जेमतेम. बसवण्याआधी रेडिएटरची तोटी रेतीनं घासून गंज काढला, क्लिपखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि स्क्रू बेतानं फिरवला.

"अजून आवळा ना," साडू म्हणाला.

"आवळूनच तं चिरला."

पुन्हा पाणी भरलं, पुन्हा रेस दिली. पाइपच्या पोटाखाली हात फिरवला, कोरडा. साडूनं किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता तुमीच चालवा."

जऊळक्यापर्यंत मी ती गाडी चालवली. स्टेअरिंग हलकं होतं, ब्रेक माझ्या मालकाच्या गाडीपेक्षा चांगले. सासरे बाजूला बसले होते. माझ्याशी पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलले, तेही गाडीबद्दल. "मशीन चांगली हाये, नाई?" मी म्हटलं, "चांगली हाये." स्टेशनाजवळ मुलीकडची मंडळी उभी होती. जय भीम झाला आणि कोणीतरी विचारलं, "गाडी कोणाची?" सासऱ्यांनी साडूकडे हात केला.

लग्न लागलं, पंगती बसल्या. तिथे साडूनं मोठ्या आवाजात सगळ्यांना माझंच कौतुक सांगितलं. रेडिएटर झाळणाऱ्या मिस्त्रीला जे कळलं नाही ते साडभाऊनं ओघळ पाहून ओळखलं, म्हणाला. लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. मी मान खाली घालून जेवत राहिलो. तो थोडा तरी कोता असता, तर मला त्याच्यावर सुखानं जळता आलं असतं. तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.

पोळ्यानंतर तो आमच्या घरी आला. "साडभाऊ, माह्या गाडीवर या. मले काई जमून नाई राह्यलं. घरची गाडी हाये."

"सांगतो," मी म्हटलं.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "काहून नाई म्हणता? परक्याची चालवता, मंग बहिणीची काहून नाई?"

"परक्याची हाये म्हणून चालवतो," मी म्हटलं. ती रागावून आत गेली.

मी गेलो नाही. त्यानं मेहकराकडचा एक ड्रायव्हर ठेवला. चांगला होता, गिअरचा आवाज येत नसे. मालेगावच्या रस्त्यावर ती हिरवी गाडी समोरून आली की तो ड्रायव्हर हात करायचा. मीही करायचो. आधी एकट्या साडूचा हेवा करत होतो, आता दोघांचा करायला लागलो.