कागदावरचं पोट

१९६७ साल. मी तेव्हा पंचेचाळीसचा. देऊळघाटला वांगी-मिरची लावायचो आणि बुलढाण्याच्या बाजारात विकायचो. बायको वारून सहा वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. दुसरं लग्न कर म्हणणाऱ्यांशी मी बोलणंच टाकलं होतं.

त्या वर्षी माझ्या पापण्या पडायला लागल्या. सकाळी बरं असे. दुपार कलली की डोळे झाकत. भाकर चावता चावता जबडा थके. गिऱ्हाईक म्हणायचं, "काऊन हो काका, भर दुपारीच घेतली का?" मी जन्मात दारूला शिवलो नाही.

मोठ्या शहरात शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी दंडात सुई टोचली. थोड्या वेळात पापण्या आपोआप वर गेल्या. स्नायू लवकर थकायचा आजार आहे, म्हणाले. मग गोळ्या दिल्या, दिवसातून तीनदा. असे रोगी कमी, म्हणून ते आमची टिपणं जमवत होते. मोठ्या डॉक्टरांपुढे वाचायची होती. मला त्यांनी रेघा मारून कागद दिला. डोळे कसे, पोट कसं, रोज लिहायचं. मी दुसरीपर्यंत शिकलेला, तरी लिहायचो. घरात मला विचारणारा तेवढा कागदच होता. आणि कोणी विचारलं की 'ठीक' म्हणायचं, ही माझी सवय.

पोट ठीक नव्हतं. गोळीनंतर पीळ पडायचा. संध्याकाळी बांधावर जाऊन ओकायचो, त्यात काल सकाळची मेथी जशीच्या तशी. सांगितलं तर गोळी बंद होईल, डोळे परत मिटतील, एवढंच मला दिसत होतं. चार महिने 'ठीक'च लिहिलं.

एका दुपारी दवाखान्याच्या बाकावर लोणारकडची एक बाई बसली होती, बोटानं पापणी उचलून धरलेली. तिलाही तीच गोळी होती.

"भाऊ, या गोळीनं तुमाले उलटी होते का? मले तर शिळं अन्न पडते."

"नाही बाई," मी म्हणालो, "मले काहीच होत नाही."

तिनं डॉक्टरांनाही तेच सांगितलं, तेव्हा त्यांनी तिला माझा कागद दाखवला. यांना एवढ्या दिवसांत काही त्रास नाही, तुम्ही घाबरता म्हणून होतं, आज इथंच मुक्काम करा, उद्या सकाळी या, गोळी वाढवू, असं म्हणाले. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मी एसटी सोडून चालत गावी आलो. चूल पेटवली नाही. कोणाजवळ बोलावं तर घरात कोणी नव्हतं, आणि शेजाऱ्याच्या दारात जाणं मला जमत नव्हतं.

सकाळी वांगी तोडायची सोडून पहिली एसटी धरली. बाई माझ्याआधी येऊन बसली होती. तिच्यासमोरच बोललो, "डॉक्टरसाहेब, मी खोटं लिहिलं. मी रोज ओकतो."

ते रागावले नाहीत. मला आत टेबलावर निजवलं, दोन्ही हातांनी कंबर धरून हलवलं. पोटात पाणी डचमळल्याचा आवाज बाहेर बाईलाही गेला असेल. जठराचं खालचं तोंड आवळलंय, म्हणाले. अशा पोटाला ही गोळी नुसती पिळते, आजपासून बंद. मग त्यांनी बाईला हाक मारली. मी टेबलावरून उतरलो आणि तिला जागा करून दिली.