भाजी कायची होती?

चांदा जिल्ह्यात माणसाला झोपवावं ते आमच्या भाऊजींनीच. अंगाई नाही, भजन नाही. तारेच्या जाळीवर फडकं ताणायचं, ती जाळी नाकातोंडावर धरायची आणि वरून थेंब थेंब भुलीचं इथर सोडायचं. पैलवान असो की पाटील, पाच-दहा मिनिटांत गार. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान हुद्द्याने तालुक्याच्या दवाखान्यातले कंपाउंडर. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी त्यांच्याकडे राहून मास्तरकी करत होतो. दवाखाना घरासमोरच, त्यामुळे माझा फावला वेळ तिथल्या ओसरीवर जाई. इथरचा वास भाऊजींच्या कोटात असा मुरला होता की बहीण त्यांचं पान नेहमी दाराच्या तोंडाशी मांडायची.

डॉक्टरसाहेबांचं लक्ष रोग्याच्या पोटात, तर भाऊजींचं रोग्यात. बेशुद्ध झालेला माणूस जातो कुठे, हे कोडं त्यांना जन्मभर सुटलं नाही. शुद्धीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी लागून ते विचारत, "कुठी होता तू?" कोणी म्हणे विहिरीत, कोणी म्हणे सासुरवाडीला. एका गोंड म्हाताऱ्याने मात्र त्यांनाच झापलं, "तूच धाडला, अन् मलेच इचारून राह्यला?" भाऊजी तीन दिवस खूश होते. "बराबर बोलला म्हातारा," म्हणत वाटेत भेटेल त्याला ते हे सांगत सुटले. मोहाची घेणारा लवकर झोपत नाही हे पुस्तकात असेलही, पण ज्याची म्हैस आज-उद्या व्यायची आहे तोही लवकर झोपत नाही, हे भाऊजींचं स्वतःचं संशोधन. म्हणून ते आधी घरची सगळी चौकशी करत. मग जाळीखाली आकडे मोजायला, आकडे न येणाऱ्याला घरच्या बैलांची नावं घ्यायला लावत, आणि नाव अर्ध्यावर तुटलं की डॉक्टरांकडे बघून मान हलवत. ती मान हलल्याशिवाय डॉक्टरसाहेब सुरीला हात लावत नसत.

सगळ्यात विचित्र होता तो त्यांचा भाजीचा प्रश्न. ऑपरेशनला उपाशी पोटी यायचं, हा नियम भाऊजी घसा फोडून सांगत. पण आमच्या धानपट्ट्यात आपल्या माणसाला उपाशी सुरीखाली घालणं म्हणजे पाप. गेलाच, तर जीव भातात अडकून राहील ना! मग घरची माणसं दवाखान्यामागच्या चिंचेखाली गुपचूप शिदोरी सोडत. जेवला का विचारलं तर सगळे म्हणत, "नाई जी." त्यामुळे भाऊजी तसं विचारतच नसत. नाडी बघता बघता, पावसापाण्याच्या गप्पांत मध्येच, अगदी सहज म्हणत, "भाजी कायची होती?"

"वांग्याची, जी. जराशी तिखट झालती."

"उतर खाली. उद्या ये."

मी यावर पोट धरून हसायचो. एक दिवस बहीण म्हणाली, "नको हासू रे. तुले मालूम नाई." मग तिने सांगितलं. नदीपलीकडचा एक तरणा गडी होता. आईने त्याला चोरून वरणभात भरवला. भाऊजींनी विचारलं, जेवला का? तो नाही म्हणाला. बेशुद्धीत उलटी झाली, ती श्वासनळीत गेली, आणि गडी टेबलावरच गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, तुमची चूक नाही. भाऊजी म्हणाले, "मी इचारलंच चुकीचं, साहेब." तेव्हापासून हा भाजीचा प्रश्न. त्यानंतर मला हसू आलं नाही.

पुढे बहिणीच्याच पोटात गाठ निघाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, नागपूरला न्या. भाऊजीही तेच म्हणाले. आपल्या माणसाच्या नाकावर जाळी धरायला त्यांचा हात धजेना. बहीण हटून बसली, "मले यांच्याच हातानं झोपाचं हाय." त्या सकाळी भाऊजींनी घरात चूल पेटू दिली नाही. मी दवाखान्याच्या खिडकीशी उभा होतो. टेबलावर निजलेल्या बायकोची नाडी धरून त्यांनी तरीही विचारलंच, "भाजी कायची होती?"

"चूल तुमीच नाई पेटू देली, अन् मलेच इचारता?"

डॉक्टरसाहेब हसले. भाऊजी हसले नाहीत.

गाठ नीट निघाली. पण दुपार कलली तरी बहीण डोळे उघडेना. भाऊजी खाटेशेजारी स्टुलावर, बोट नाडीवर. पाणीसुद्धा घेतलं नाही. डॉक्टरसाहेब दोनदा येऊन तिच्या पापण्या उचलून बघून गेले. अख्ख्या तालुक्याला 'कुठी होता' विचारणाऱ्या त्या माणसाला आज काहीच जाणून घ्यायचं नव्हतं, फक्त ती परत यायला हवी होती. मला त्यांच्याकडे बघवेना.

मग तिच्या पापण्या हलल्या. मला वाटलं, आता विचारणार. पण त्यांनी नुसता तिच्या तोंडाशी कान नेला. तीच कोरड्या ओठांनी पुटपुटली, "जेवले का तुमी?"

"हाव. जेवलो."

 ती डोळे मिटूनच म्हणाली, "भाजी कायची होती?"

भाऊजींनी तोंड उघडलं. साऱ्या जिल्ह्याच्या भाज्या ज्यांना पाठ, त्यांना एक नाव सुचेना. तिच्या हातावर कपाळ टेकून ते लहान पोरासारखे रडले.

पुढे मोठ्या दवाखान्यांतून यंत्रं आली, भूल देण्याच्या त्याच विद्येचे डॉक्टर आले. बेशुद्ध माणूस जातो कुठे, ते कोडं घेऊनच भाऊजी वारले. बहीण आता माझ्याकडे असते. कुठून उशिरा आलो आणि 'बाहेर जेवलो' म्हणालो, की ती हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघते. विचारत काही नाही. तो प्रश्न तिने त्यांच्यापुरताच ठेवला आहे. मी मुकाट्याने पाट ओढतो आणि जेवायला बसतो.